रफूगराचा दुसरा डोळा

उंदीर, कसर आणि भिंतीतला खिळा, या तिघांच्या जिवावर त्या माणसाने पंचेचाळीस वर्षं संसार केला. उंदराने कुरतडलं, कसरीने खाल्लं, खिळ्याने ओढलं, की कपडा त्याच्याकडे यायचा. लोक त्याला रफूगर म्हणत. धुलाईच्या दुकानात दर्शनी काचेला लागून एक अरुंद टेबल आणि एक उंच स्टूल होतं, ती त्याची जागा. दुकान मालकीणबाईंचं. "मी इथे फक्त उजेडाचा भाडेकरू," असं तो म्हणायचा.

ज्याने कधी रफू केलं नाही त्याला वाटतं, रफू म्हणजे भोक बुजवणं. भोक काय, ठिगळानेही बुजतं. रफूत, भोक कधी पडलंच नव्हतं, हे कापडाला पटवून द्यावं लागतं. आधी कडा मोकळ्या करायच्या, मग उभे धागे भरायचे, मग आडवे, एक वरून एक खालून, मागावरच्या विणीसारखे. धागा शक्यतो त्याच कपड्याचा, आतल्या शिवणीतून उपसलेला. पण हल्ली कारखाने शिवणीत बोटभर कापडसुद्धा सोडत नाहीत. मग धागा पेटीतला घ्यायचा, आणि तो निवडायचा डोळ्याने. रफूगराची सगळी पत त्या निवडण्यात. सुई काय, कोणीही चालवील.

काम झालं की तो गिऱ्हाइकासमोर कपडा पसरायचा आणि म्हणायचा, "शोधा." गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटा करायचं, पुन्हा सुलटा करायचं, आणि शेवटी म्हणायचं, "नाही बुवा सापडत." या तीन शब्दांनी त्याचं पोट भरायचं. मजुरी ही वरची चटणी.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी दिव्याभोवती काटे फुटले, मग सुईचं नेढं जागा सोडायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आधी उजवा करू, दोन महिन्यांनी डावा. तारीखही लिहून दिली.

उजव्या डोळ्याच्या वेळी मुलगी दोन दिवस येऊन राहिली. परगावची नोकरी, मुलांच्या परीक्षा. तिसऱ्या दिवशी गाडीत बसताना तिने औषधांचा कागद त्याच्या हातात दिला. त्यावर छापलं होतं: घरातील व्यक्तीने दिवसातून सहा वेळा थेंब घालावेत. त्याने घरात पाहिलं. घरातली व्यक्ती तोच होता.

पहिल्या दिवशी एक थेंब नाकावर पडला, एक कपाळावर, एक घरंगळत कानात गेला. "कान आता लांबचं बघेल," तो स्वतःशीच म्हणाला आणि हसला, आणि हसून झाल्यावर खोली पहिल्यापेक्षा जास्त गप्प वाटली. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं होतं. दोनदा तो जिन्यापर्यंत गेला. दिवसातून सहा वेळा कोणाचं दार वाजवायचं? तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सापडली. उशी काढून उताणं पडायचं, डोळा मिटायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग हळूच पापणी उघडायची. थेंब आपोआप आत येतो. ही युक्ती कोणाला तरी सांगावी असं त्याला फार वाटलं. त्याने ती रविवारी मुलीला फोनवर सांगितली.

पट्टी सोडली त्या सकाळी त्याने सिस्टरला विचारलं होतं, "रात्रीत भिंत रंगवलीत का हो?" सिस्टर म्हणाली, "आजोबा, सगळे हेच विचारतात." पण घरी आल्यावर कळलं, नुसती भिंतच नाही, सगळंच रात्रीत कोणीतरी बदलून गेलं होतं. दूध निळसर झालं होतं. हातावरचे डाग मोजता येत होते. कोपऱ्यांतली जळमटं बघून त्याला लाज वाटली; इतके दिवस आपण स्वच्छ घरात राहतो अशा समजुतीत तो राहत होता. वाकायला बंदी, म्हणून जमिनीवर बसून, सरकत सरकत त्याने ती काढली.

दोन डोळ्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. नवा डोळा लांबचं लखलखीत दाखवायचा आणि जवळचं पुसून टाकायचा. जुना डोळा जवळचं दाखवायचा, पण चहाच्या गाळणीतून बघितल्यासारखं. कपाच्या शेजारी चहा ओतला जायचा. जिन्याची शेवटची पायरी कधी असायची, कधी नसायची. तो म्हणायचा, भांडखोर जावांसारखे आहेत दोघं, एकाच घरात राहून वेगवेगळी चूल.

महिन्याने चष्मा मिळाला आणि तो दुकानात जाऊन आपल्या टेबलाशी बसला. धाग्यांची पेटी उघडली. अठ्ठेचाळीस खण, फिकटापासून गडदापर्यंत त्याने स्वतः लावलेले. पांढऱ्यांच्या खणात दोन रिळं सायीच्या रंगाची होती आणि एक तर जुनाट दाताच्या रंगाचं. गडद निळ्यांच्या खणात अर्धी रिळं काळी.

त्याचं डोकं फिरलं. "माझ्या पेटीला हात कोणी लावला?"

मालकीणबाई पावत्या लावत होत्या. "तुमच्या पेटीला हात लावायला मला काय विंचू चावलाय?"

"मग हे काळं निळ्यात कोणी घातलं? मी महिनाभर नाही तर इथे रान मोकळं!"

बाई काहीच बोलल्या नाहीत. एरवी एका वाक्याला तीन वाक्यं परत करणारी ती बाई. ती गप्पच राहिली, म्हणून त्याने पुन्हा पेटीकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, उजवा डोळा हाताने झाकला. सगळं जागच्या जागी होतं. पांढरं पांढऱ्यात, निळं निळ्यात. हात काढला, आणि पेटी पुन्हा विस्कटली.

त्याच वेळी दार ढकलून कारकून आत आला. कचेरीतला कारकून, जुनं गिऱ्हाईक. अंगात तोच गडद निळा कोट. तीन वर्षांपूर्वी त्याची बाही दाराच्या कडीत अडकून कोपराजवळ फाटली होती आणि रफूगराने आठ दिवस खपून ती भरली होती. आपल्या हातचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं कोणी विचारलं असतं तर त्याने त्या बाहीकडे बोट दाखवलं असतं. आज ती बाही दारातून आत आली आणि तिच्यावर अंगठ्याएवढा काळा डाग होता. निळ्या पाण्यात शाई सांडावी तसा.

"कोट काढा जरा," रफूगर म्हणाला.

"का हो काका? गारठा आहे."

"काढा म्हणतो ना."

कारकुनाने कोट काढला. रफूगराने तो टेबलावर पसरला. "हे कधीपासून असं दिसतंय?"

कारकुनाने मालकीणबाईंकडे पाहिलं. "काय दिसतंय?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? हे. इथे. कोपरावर."

"मला नाही बुवा सापडत," कारकून म्हणाला.

त्याने बाहीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

न बघताच म्हणाला, हे रफूगराला नव्या डोळ्याने अगदी स्वच्छ दिसलं. तो हळू आवाजात म्हणाला, "पहिल्या दिवशीच दिसलं होतं ना?"

कारकून डोकं खाजवत राहिला. "काका, आमच्या कचेरीत फायलींची धूळच इतकी असते की कोण बघतंय कोटाकडे. आणि तुम्ही त्या दिवशी इतक्या हौसेने 'शोधा' म्हणालात..."

"मग?"

"मग नाही सापडलं."

मालकीणबाईंनी पावत्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "आता विषय निघालाच आहे तर ऐका. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू? पांढरं आणि गडद निळं मी तीन वर्षं पुलापलीकडच्या बाईकडे पाठवते. हात तुमच्याइतका नाही तिचा. पण डोळे तरुण आहेत."

"मला वाटलं, लोकांनी पांढरं घालणं सोडलं."

"तुम्हीच म्हणायचात तसं. 'हल्ली कोणी पांढरं घालत नाही, धूळ किती असते.' मी हो हो म्हणत गेले."

"सांगायचं होतंत."

"कधी सांगणार? तेव्हा काकूंचं दुखणं सुरू झालं. मग काकू गेल्या. मग कोणत्या तोंडाने सांगणार, की बायको गेली ती गेली, आता रंगही गेले म्हणून?" बाईंचा आवाज जरा जड झाला, म्हणून त्यांनी तो मुद्दाम करडा केला. "दुसरा डोळा करून घ्या. तारीख आहे ना पुढच्या महिन्यात? तो झाला की पांढरं तुमच्या टेबलावर. शब्द आहे माझा. पण दोन डोळ्यांची दोन मतं असतील तर तोवर तुम्हाला फक्त गोधड्या आणि घोंगड्या. राग मानू नका. गिऱ्हाइकाला तोंड मला द्यावं लागतं."

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. तोच तर वाईट भाग होता.

त्या संध्याकाळी तो घरी येऊन दिवा न लावता बसला. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, ही म्हण त्याने हजारदा दुसऱ्यांवर फेकली होती. आता ती त्याच्याच दारात येऊन बसली. तीन वर्षं, बाई म्हणाल्या. त्याला दोन गेलेली वर्षं आठवली आणि त्याआधीचं एक. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे तिचं शेवटचं वर्ष त्याने या पिवळ्या गाळणीतून बघितलं होतं.

त्या वर्षी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायची. थकवा येतो म्हणायची. त्याला ती छान दिसायची. उन्हं उतरताना धान्याच्या राशीवर जसा रंग येतो तसा रंग होता तिच्या चेहऱ्याला. मुलगी एकदा राहायला आली तेव्हा स्वयंपाकघरात त्याला म्हणाली होती, "बाबा, आईचा रंग बघा कसा झालाय." आणि त्याने काय उत्तर दिलं होतं? "अगं, जन्मभर मी रंगच बघत आलोय. नेहमीसारखीच आहे ती." बाहेरून बायको हसून म्हणाली होती, "त्यांना नको विचारूस. त्यांना मी अजून कालच लग्न होऊन आल्यासारखी दिसते."

दीड महिन्याने तिला चक्कर आली. दवाखान्यात म्हणाले, अंगात रक्तच नाही, इतके दिवस काय करत होतात?

दुसऱ्या डोळ्याच्या तारखेला तो गेला नाही. मालकीणबाईंनी विचारलं तर म्हणाला, सर्दी झाली होती, शिंक आली असती तर डोळाच उडून गेला असता. बाई हसल्या नाहीत. खरं कारण त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. एका डोळ्याने एवढं उकरून काढलं. दुसरा उघडला तर आणखी काय काय दाखवील? आणि दुसरं एक. उजवा डोळा झाकला की घर पुन्हा सोनेरी व्हायचं. खुर्ची, भांड्यांची फळी, भिंत, सगळं तिच्या वेळचं. जेवण झालं की तो डोळ्यावर रुमाल बांधून तासभर नुसता तसा बसायचा. डावा डोळाही करून घेतला की ते घरही जाणार होतं. दृष्टीआड सृष्टी म्हणतात. त्याच्याकडे त्या सृष्टीची एकच खिडकी उरली होती, आणि तीच बुजवायला लोक तारीख देत होते.

असा महिना गेला. गोधड्यांना मोठे टाके लागतात, ते तो चाचपडत घालायचा. कारकुनाचा कोट त्याने त्या दिवशी ठेवून घेतला होता, तो टेबलाच्या वर खुंटीला टांगलेला राहिला. कोणी त्याविषयी बोलायचं नाही.

मग एका रविवारी फोनवर मुलगी चिडली. "बाबा, दवाखान्यातून मला फोन आला. तुम्ही गेलाच नाहीत म्हणे. असं काय करता लहान मुलासारखं?"

त्याने विचारलं, "तू तेव्हा म्हणाली होतीस, आईचा रंग बघा. कसा झाला होता रंग?"

"आता कशाला ते? तिचं वय झालं होतं, बाबा. डॉक्टरांनाही नंतरच कळलं. आणि त्या दिवसांत उन्हाळाही किती होता, सगळेच थकलेले दिसत होते..."

पंचेचाळीस वर्षं ज्याने हेच केलं त्याला रफू कुठून सुरू होतं ते ऐकूनही कळतं. इकडचा धागा, तिकडचा धागा, कडा कशा छान मोकळ्या केलेल्या. कारकुनाचं, मालकीणबाईंचं, आता हिचंही. सगळं गाव त्याच्यासाठी टाके घालत होतं आणि तो मधल्या भोकात एकटा बसला होता.

"टाका घालू नकोस," तो म्हणाला. "आहे तसं दाखव मला."

फोन तुटला असं त्याला वाटलं. मग ती बोलली, आणि तिचा आवाज लहानपणचा होता. "पांढरी पडली होती, बाबा. ओठ पांढरे, नखं पांढरी. मला दिसलं होतं. तुम्ही म्हणालात नेहमीसारखीच आहे, आणि मी... मी ते मानलं. मला मानायचंच होतं. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. तुम्ही तसं म्हणालात, म्हणून मला जाता आलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही आजवर."

"तुला दिसत होतं," तो म्हणाला. "आणि मला दिसतच नव्हतं, पोरी. माझे डोळे तेव्हाच गेले होते."

"ते मला कुठे माहीत होतं? मी तर आयुष्यभर हेच ऐकत आले, की बाबांच्या डोळ्याला रंग चुकत नाही."

दोघंही रडले की नाही ते त्यांना ठाऊक. फोन बराच वेळ चालू राहिला आणि त्यात बोलणं फार थोडं होतं. ठेवताना तो म्हणाला, "मी नवी तारीख घेतो." तिने विचारलं, मी येऊ का? तो म्हणाला, "ये."

तिला सकाळची गाडी मिळाली नाही, त्यामुळे नव्या तारखेला तो एकटाच दवाखान्यात गेला. खोल्यांमधल्या बोळात लांब बाक होता. बाकावर म्हातारी माणसं ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या एका भुवईवर शाईची खूण. त्याच्या शेजारी साठीची एक बाई मांडीवर पिशवी धरून बसली होती.

"डोळा बाहेर काढून धुतात आणि परत बसवतात म्हणे?" तिने विचारलं.

"आमच्या धुलाईच्या दुकानात तसं करतात, इथे नाही. इथे नुसतं भिंग बदलतात."

ती हसली. मग भिंतीला टेकली. सिस्टर बोळाच्या टोकाला टेबलाशी काहीतरी लिहीत होती.

रफूगराने मनाशी ठरवलं, एकदा शेवटचं बघून घ्यावं. त्याने उजव्या डोळ्यावर तळहात धरला. बोळ सोनेरी झाला. बाक, माणसं, भिंतीवरचं घड्याळ. शेजारची बाईसुद्धा दुपारची चांगली झोप काढून उठल्यासारखी दिसत होती, गालावर ऊन घेऊन. किती छान दिसतात सगळी, त्याला वाटलं. मन भरून पाहिलं आणि हात काढला.

बाईचे ओठ पांढरे होते. धुऊन धुऊन विटलेल्या सुती चिंधीसारखे. कपाळावर घाम होता.

त्याने पुन्हा उजवा डोळा झाकला. सोनेरी. पुन्हा उघडला. पांढरी. आणि मग त्याने हात खाली घेतला तो पुन्हा वर नेला नाही. तो उठला. बोळाच्या टोकापर्यंत त्याला घाईने चालता येईना, म्हणून जागेवरूनच मोठ्याने हाक मारली.

"सिस्टर, या बाईंचा रंग उतरलाय."

सिस्टरने मान वर केली नाही. "घाबरल्या असतील, आजोबा. इथे सगळेच घाबरतात."

"घाबरल्याचा रंग वेगळा. मी रंगातला माणूस आहे, मला शिकवू नका. उठा आणि बघा."

सिस्टर कपाळाला आठ्या घालून आली, आणि बाईंचा हात हातात घेताच तिच्या आठ्या गेल्या. बोट टोचलं, यंत्रावर आकडा बघितला. "मावशी, सकाळपासून काही खाल्लं नाही?"

"भीतीने घासच उतरला नाही," बाई पुटपुटली. "साखरेची गोळी मात्र घेतली. ती चुकवू नका म्हणाले होते ना."

साखरेचं पाणी आलं. सिस्टरने ते घोट घोट पाजलं. रफूगर शेजारी बसून बघत होता. आधी काहीच झालं नाही. मग खालच्या ओठाच्या कडेला जरासा रंग आला, मग वरच्या, मग हळूहळू मधे भरत गेला. दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात त्याने दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही.

आतून त्याच्या नंबराची हाक आली.

"सोबत कोण आहे?" सिस्टरने विचारलं.

"आत्ता कोणी नाही. मुलगी संध्याकाळी येतेय."

तो उठला तशी बाकावरची बाई म्हणाली, "अहो भाऊ, तुमचं आधी होतंय. बाहेर आलात की सांगा, दुखतं का ते."

"सांगतो," तो म्हणाला. "दुखलं तर दुखलं म्हणून सांगेन."